पाळकाचें पद आणि बीचर-टिल्टन खटला

मराठी ख्रिस्ती समाजांत धर्मोपदेशकाला ‘पाळक’ म्हणतात आणि त्याच्या स्वाधीन असलेल्या उपासकसमूहाला ‘मंडळी’ म्हणतात. पाळक म्हणजे मेंढरें राखणारा. शब्द प्रेमाचा आहे. पण त्यांत एक विषमताहि गृहीत धरलेली आहे, कारण कोणत्याहि कळपानें आपल्या राखणदाराची परीक्षा घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. घरांत मूल दगावलें, पतिपत्नींत बेबनाव झाला, मनाला पापाची टोचणी लागली, म्हणजे ज्याच्यासाठीं दार उघडावयाचें तो हा मनुष्य. शेजाऱ्यापासून जें लपवावयाचें तें याच्यापुढें उघडें करावयाचें, आणि तसें करणें हें धर्माचेंच अंग समजावयाचें. अशा मनुष्यानें या विश्वासाचा उपयोग आपल्या कामवासनेसाठीं केला, तर त्या कृत्याला नांव काय द्यावें? दोन सज्ञान माणसांचा तो व्यभिचार, एवढेंच म्हणून थांबावें, कीं विश्वस्तानें ठेवीला हात लावावा, त्या जातीचा तो अपराध मानावा?

ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या नीतिविचारांत हा प्रश्न आज उघडपणें मांडला जातो. एकोणिसाव्या शतकांत तो क्वचितच कोणी मांडीत असे. आणि न मांडल्यामुळें काय घडतें याचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेंतील ब्रुकलिन शहरांत पाहावयास मिळाला. तेथें चौकशी-समिति बसली, सहा महिने खटला चालला, हजारों छापील पानें भरलीं. एवढा खटाटोप करून सर्वांनीं मिळून उत्तर शोधलें तें मात्र निराळ्याच प्रश्नाचें.

हेन्री वॉर्ड बीचर यांचा जन्म १८१३ मध्यें कनेक्टिकट संस्थानांत झाला. वडील लायमन बीचर हे कडवे कॅल्व्हिनपंथी उपदेशक. नरकाग्नीची धग श्रोत्यांना लागावी असें बोलणारे. हॅरिएट बीचर स्टो या हेन्री यांच्या भगिनी; त्यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ सालच्या कादंबरीनें गुलामगिरीविरुद्ध सारा उत्तर प्रदेश हलविला. हेन्री यांनीं १८४७ मध्यें ब्रुकलिन येथील नव्या प्लिमथ चर्चचें पाळकपद स्वीकारलें आणि मरेपर्यंत तें सोडलें नाहीं. ब्रुकलिन तेव्हां न्यूयॉर्कपासून वेगळें शहर होतें. दर रविवारीं सकाळीं पलीकडच्या तीरावरून माणसांनीं भरलेल्या नावा येत. त्यांना ‘बीचरच्या बोटी’ असेंच नांव पडलें होतें. उपासनामंदिरांत सुमारें २,८०० माणसें बसत, आणि बसावयाच्या जागांचा दरवर्षीं लिलाव होई. १८६० मध्यें बीचर यांनीं एका लहान गुलाम मुलीला व्यासपीठावर उभें करून तिच्या मुक्ततेची रक्कम तेथल्या तेथें श्रोत्यांकडून जमविली. हें सारें नाटकी होतें असें म्हणणारे तेव्हांहि होते. पण मुलगी मुक्त झाली, हें खरेंच.

वडिलांचा नरक मुलानें बाजूला सारला आणि त्याच्या जागीं ईश्वराचें प्रेम आणून बसविलें. कोरड्या नियमापेक्षां प्रेमानें भरलेलें हृदय अधिक विश्वासार्ह आहे, हा त्यांच्या प्रवचनांचा स्थायी सूर होता. पापाच्या भीतीनें दडपलेल्या एका पिढीला ही शिकवण मोकळ्या वाऱ्यासारखी वाटली, यांत नवल नाहीं. मात्र नियम सैल करणारा उपदेशक स्वतः कोणत्या नियमानें बांधलेला आहे, हें विचारण्याची त्या आनंदांत कोणाला आठवण राहिली नाहीं.

प्लिमथ चर्च हें कॉंग्रिगेशनल पंथाचें. या पंथांत बिशप नाहीं. प्रत्येक मंडळी आपली आपण धनीण. पाळक नेमणें, सभासद घेणें, सभासद काढणें, सर्व कांहीं मंडळीच्या मतानें चालतें. महाराष्ट्राला हा पंथ अपरिचित नाहीं. बीचर जन्मले त्याच १८१३ सालीं मुंबईंत उतरलेले अमेरिकन मिशनरी मुख्यतः याच पंथाच्या मंडळ्यांच्या आश्रयानें आलेले होते, आणि १८४२ मध्यें अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ सुरू करणारें अमेरिकन मराठी मिशन तें हेंच. पाळकाला वरिष्ठाची मर्जी सांभाळावी लागत नाहीं, हा या व्यवस्थेचा गुण. पाळकाविरुद्ध तक्रार करावयाची तर ती त्याच्याच भक्तांपुढें करावी लागते, ही तिची दुसरी बाजू.

थिओडोर टिल्टन हे बीचर यांचे तरुण अनुयायी. देखणे, वक्ते, कवि आणि सुधारक. १८५५ मध्यें एलिझाबेथ रिचर्ड्‌स यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, तो विधि बीचर यांनींच केला. पुढें ‘इंडिपेंडंट’ या वजनदार साप्ताहिकाचें संपादकत्व आधीं बीचर यांच्याकडे व मग टिल्टन यांच्याकडे आलें. त्या पत्राचे मालक हेन्री बोवेन हे प्लिमथ चर्चच्या संस्थापकांपैकीं एक. म्हणजे मालक, संपादक, पाळक, शिष्य हे सारे एकाच मांडवाखालचे. टिल्टन व्याख्यानांच्या दौऱ्यांवर वरचेवर बाहेरगांवीं असत. घरीं मुलें, आणि टिल्टनबाई. बाई शरीरानें लहानखुऱ्या, वृत्तीनें अत्यंत धर्मशील. पतीच्या विद्वान मित्रमंडळींत आपण कमी पडतों ही जाणीव त्यांना सतत सलत असे. बीचर त्यांच्या घरीं येऊं लागले ते टिल्टन यांच्याच आग्रहावरून. देशांतला सर्वांत प्रसिद्ध वक्ता आपल्या ‘नॉरवुड’ या कादंबरीचें हस्तलिखित या बाईंना वाचून दाखवी व त्यांचें मत विचारी. ज्या बाईला स्वतःच्या घरांत कोणी मत विचारीत नव्हतें, तिला याचें काय वाटलें असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

१८६८ च्या ऑगस्टमध्यें टिल्टन दांपत्याचें एक मूल वारलें. शोकाकुल बाई सांत्वनासाठीं पाळकाकडे गेल्या. टिल्टन यांच्या आरोपाप्रमाणें त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत या सांत्वनाला शारीरिक संबंधाचें वळण लागलें आणि तो संबंध सुमारें दीड वर्ष चालला. बीचर यांनीं ही गोष्ट अखेरपर्यंत नाकारली. टिल्टन असेंहि सांगत कीं, प्रेम शुद्ध असेल तर त्याचा शारीरिक आविष्कारहि शुद्धच, हस्तांदोलनाहून वा चुंबनाहून त्यांत निराळें कांहीं नाहीं, अशी पाळकानें पत्नीची समजूत घातली होती. टिल्टन हे फिर्यादी. त्यांचें म्हणणें जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. पण १८७१ च्या जूनमध्यें टिल्टनबाईंनीं पतीला लिहिलेलें एक पत्र उपलब्ध आहे. चार्ल्स रीड यांची ‘ग्रिफिथ गॉंट’ ही कादंबरी वाचून आपले डोळे उघडले, आजवर जें निर्दोष वाटत होतें तें पाप होतें हें कळलें, असा त्याचा आशय. त्या कादंबरींतील नायिकेचें मन तिच्या धर्मगुरूकडे ओढ घेतें, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें चौकशीच्या वेळीं बाईंनीं या ‘पापा’चा अर्थ मनाच्या ओढीपुरताच केला.

३ जुलै १८७० रोजीं टिल्टनबाईंनीं पतीजवळ कबुली दिली. ती कशाची कबुली होती, देहाची कीं मनाची, यावर पुढें वर्षानुवर्षें काथ्याकूट झाला. सहा महिने प्रकरण घरांतच कुजत राहिलें. मग डिसेंबरच्या अखेरीस जें घडलें तें सावकाश पाहण्यासारखें आहे.

टिल्टनबाई तेव्हां अंथरुणावर होत्या. थोड्याच दिवसांपूर्वीं गर्भपात होऊन त्या अत्यंत क्षीण झालेल्या होत्या. २९ तारखेस पतीच्या सांगण्यावरून त्यांनीं पाळकाविरुद्ध आरोपाचा कागद लिहून दिला. ३० तारखेच्या रात्रीं टिल्टन यांनीं फ्रॅंक मोल्टन या स्नेह्याच्या घरीं बीचर यांना बोलावून त्यांच्यापुढें हा आरोप मांडला. बीचर तेथून निघाले ते थेट टिल्टन यांच्या घरीं, त्या आजारी बाईच्या खोलींत गेले. बाहेर पडले तेव्हां त्यांच्या खिशांत दुसरा कागद होता: पहिला आरोप आजारपणांत व पतीच्या आग्रहामुळें लिहिला, तो खरा नाहीं, असा. बीचर गेल्यावर टिल्टन घरीं आले, आणि त्याच रात्रीं बाईंनीं तिसरा कागद लिहिला: दुसरा कागद पाळकाच्या मागणीवरून, त्यांच्या बचावासाठीं दिला होता. दोन दिवसांत तीन कागद. दुसऱ्या दिवशीं मोल्टन यांनीं बीचर यांच्याकडून तो दुसरा कागद परत मिळविला, आणि १ जानेवारी १८७१ रोजीं बीचर यांच्या पश्चात्तापाचें एक पत्र मोल्टन यांच्या हस्ताक्षरांत लिहिलें गेलें. त्यावर बीचर यांनीं सही केली.

या तीन कागदांवरून बाई खोटारड्या, चंचल, अविश्वसनीय आहेत असें दोन्ही पक्षांच्या वकिलांनीं आपापल्या सोयीप्रमाणें सुचविलें. पण कागद लिहवून घेणारे कोण होते? एकदां पति, एकदां पाळक, पुन्हां पति. आजारी स्त्रीच्या हातीं लेखणी देणारा प्रत्येक जण तिच्यावर अधिकार असलेला होता. ३० तारखेच्या रात्रीं आपण गेलों व कागद घेतला, हें बीचर यांनीं कधींच नाकारलें नाहीं. ते पूर्ण निर्दोष होते असें क्षणभर धरलें, तरी स्वतःच्या मंडळींतील एका रुग्ण स्त्रीकडे रात्रीं जाऊन स्वतःच्या बचावाचा कागद लिहवून घेणें हें पाळकाचें काम होतें काय? सहा महिन्यांच्या खटल्यांत हा कागद खरा कीं खोटा याची चर्चा झाली. तो मागण्याचा अधिकार पाळकाला कोठून आला, ही चर्चा अशी झालीच नाहीं.

पुढचीं साडेतीन वर्षें सर्व कागद मोल्टन यांच्याजवळ राहिले आणि सर्वांचीं तोंडें बंद राहिलीं. टिल्टन यांच्या घरांत वाढलेली एक अनाथ मुलगी नको तें बोलूं लागली होती. तिला दूर ओहायोंतील शाळेंत पाठविण्यांत आलें व तिचा खर्च बीचर यांनीं मोल्टन यांच्यामार्फत दिला. टिल्टन यांच्या नव्या साप्ताहिकासाठीं घर गहाण ठेवून पांच हजार डॉलर दिले. त्याच काळांत, १८७२ पासून लागोपाठ तीन वर्षें, येल विद्यापीठांत भावी पाळकांना धर्मोपदेशाची कला शिकविणारीं व्याख्यानेंहि ते देत होते. त्या व्याख्यानमालेला देणगी होती हेन्री सेज या प्लिमथ चर्चच्या धनिक सभासदाची. हें नांव पुढें पुन्हां येईल.

वाच्यता केली ती व्हिक्टोरिया वुडहल यांनीं. स्त्रियांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या, १८७२ मध्यें अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीं उभ्या राहिलेल्या, विवाहबंधनाची उघड निंदा करणाऱ्या या बाईंनीं २ नोव्हेंबर १८७२ च्या आपल्या साप्ताहिकांत सारी हकीकत छापली. बीचर यांनीं प्रेम केलें याबद्दल वुडहलबाईंची तक्रार नव्हती. आपण ज्याला स्वातंत्र्य म्हणतों तेंच हे गुपचुप करतात आणि व्यासपीठावरून मात्र बोलत नाहींत, हा त्यांचा राग. अश्लील मजकूर टपालानें पाठविल्याच्या आरोपावरून त्यांना तुरुंगांत टाकण्यांत आलें. अध्यक्षपदाच्या मतदानाचा दिवस त्यांनीं तेथेंच काढला. पुढल्या वर्षीं त्या निर्दोष सुटल्या. बीचर कुटुंबांत यावरून फूट पडली. इझाबेला हूकर या सावत्र बहिणीनें भावानें सत्य सांगावें असा आग्रह धरला, तेव्हां तिच्या बुद्धीचाच तोल गेला आहे अशी कुजबूज घरच्यांनींच केली. हॅरिएटबाई भावाच्या बाजूनें ठाम उभ्या राहिल्या. गुलामाच्या झोपडींतलें दुःख जिला दिसलें, तिला दोन रस्त्यांपलीकडचें दिसलें नाहीं. भावाची माया अशीच असते.

१८७३ च्या ऑक्टोबरअखेर प्लिमथ चर्चनें टिल्टन यांचें नांव सभासदांच्या यादींतून काढून टाकलें. शेजारच्या कॉंग्रिगेशनल मंडळ्यांना ही घाई संशयास्पद वाटली. वादावादी वाढत गेली, आणि १८७४ च्या उन्हाळ्यांत टिल्टन यांनीं जाहीर आरोप केला. तेव्हां बीचर यांनीं चौकशी-समिति नेमली. समितींत सहा जण, सहाहि प्लिमथ चर्चचे सभासद, आणि सहाहि जणांची निवड ज्यांच्यावर आरोप होता त्या पाळकांनींच केलेली. अध्यक्षस्थानीं हेन्री सेज. या समितीपुढें टिल्टनबाईंनीं साक्ष दिली व पाळक निर्दोष असल्याचें सांगितलें. नंतर थोड्याच दिवसांत त्यांनीं पतीचें घर सोडलें व मंडळींतील एका कुटुंबाच्या आश्रयाला राहिल्या. आश्रय देणारे पाळकाचे पक्षपाती होते. अशा ठिकाणीं राहून अशी साक्ष देणाऱ्या स्त्रीला कितपत मोकळीक होती, हें समितीनें विचारलें नाहीं.

बीचर यांनीं समितीपुढें केलेलें निवेदन मोठें कुशल होतें. पश्चात्तापाचें पत्र आपण कां लिहिलें? बाईंचें मन पतीपासून दूर होऊन आपल्याकडे वळलें, हें आपल्या वेळींच लक्षांत आलें नाहीं, म्हणून. टिल्टन यांच्याविरुद्ध आपण बोवेन यांना सल्ला दिला, त्याचा खेद वाटला, म्हणून. आपला दोष अति विश्वासाचा, अति कोमलतेचा. म्हणजे ओढ बाईंची, आणि पाळक त्या ओढीचा अनभिज्ञ बळी. २८ ऑगस्टला समितीचा निर्णय भर सभेंत वाचण्यांत आला: पाळक निष्कलंक. सभेला आलेल्या मोल्टन यांच्याविरुद्ध इतका गोंगाट झाला कीं पोलिसांच्या संरक्षणांत त्यांना बाहेर न्यावें लागलें.

टिल्टन दिवाणी न्यायालयांत गेले. पत्नीला फूस लावून आपल्या पतित्वाच्या हक्काला बाध आणल्याबद्दल एक लाख डॉलर नुकसानभरपाई, अशी मागणी. ११ जानेवारी १८७५ रोजीं ब्रुकलिनच्या सिटी कोर्टांत खटला सुरू झाला. प्रेक्षकांना जागा पुरेना. दोन्ही पक्षांच्या टेबलांवर चाहत्यांनीं पाठविलेलीं फुलें असत. बीचर यांनीं बायबलवर हात ठेवून शपथ घेण्यास आपली सदसद्विवेकबुद्धि संमति देत नाहीं असें सांगून हात वर करून प्रतिज्ञा केली. अडचणीच्या प्रश्नांना आठवत नाहीं हें त्यांचें ठराविक उत्तर. वर्तमानपत्रें रोज कॉलमच्या कॉलम छापीत होतीं. त्याआधींच पतिपत्नींचीं खासगी पत्रें शिकागोच्या एका दैनिकांत प्रसिद्ध होऊन घरोघर वाचलीं गेलीं होतीं.

आणि ज्या एकट्या व्यक्तीला सत्य ठाऊक होतें, किंवा निदान आरोपीइतकेंच ठाऊक होतें, तिला बोलतां आलें नाहीं. पतीच्या अशा खटल्यांत पत्नी साक्षीदार होऊं शकत नाहीं, असा तेव्हांच्या कायद्याचा अर्थ होता. कारण कायद्याच्या दृष्टीनें दुखावलेला पक्ष एकच, पति. पत्नी ही दुखावण्याची जागा, दुखावलेली व्यक्ति नव्हे. टिल्टनबाई रोज न्यायालयांत येऊन बसत. एके दिवशीं त्या अचानक उठून उभ्या राहिल्या आणि आपलें निवेदन वाचूं द्यावें अशी त्यांनीं न्यायमूर्ति नीलसन यांना विनंति केली. विनंति नाकारण्यांत आली. त्या खालीं बसल्या.

२ जुलै रोजीं, कित्येक दिवस खल करून व ५२ वेळां मतें घेऊन, पंच बाहेर आले आणि एकमत होत नाहीं असें त्यांनीं सांगितलें. नऊ जण बीचर यांच्या बाजूनें, तीन विरुद्ध. कायद्यानें हा निकाल नव्हेच. पण प्लिमथ चर्चनें तो विजय मानला. खटल्याचा खर्च भागावा म्हणून मंडळीनें पाळकाचें त्या वर्षाचें वेतन एक लाख डॉलर केलें. १८७६ च्या फेब्रुवारींत कॉंग्रिगेशनल मंडळ्यांची मोठी सल्लागार-परिषद ब्रुकलिनला भरली आणि तिनेंहि बीचर यांच्यावर विश्वास प्रकट केला. मंडळींत साफसफाईहि झाली. बीचर यांनीं आपल्यापाशीं कबुली दिली होती असें शपथेवर सांगणाऱ्या एमा मोल्टन यांचें नांव यादींतून गेलें. बोवेन यांनाहि, मंडळीच्या संस्थापकालाहि, काढून टाकण्यांत आलें. ज्यांनीं तोंड उघडलें ते सारे बाहेर, आणि ज्यांच्याविषयीं उघडलें ते आंत.

एक नांव अजून यादींत होतें. १८७८ च्या एप्रिलमध्यें टिल्टनबाईंनीं वर्तमानपत्रांत एक पत्र प्रसिद्ध केलें. आरोप खरा होता, आणि असत्याचें ओझें आतां वाहवत नाहीं, असा त्याचा आशय. बीचर यांनीं तें पत्र तत्काळ नाकारलें. प्लिमथ चर्चनें त्याच उन्हाळ्यांत बाईंना बहिष्कृत केलें. त्यांनीं पाळक निर्दोष असल्याचें सांगितलें तेव्हां त्यांची साक्ष मंडळीला पुरेशी वाटली होती. त्यांनीं तीच उलटविली तेव्हां त्या विश्वासाला अपात्र ठरल्या. बीचर यांचीं प्रवचनें, दौरे, मानसन्मान पूर्ववत्‌ चालू राहिले. १८८७ च्या मार्चमध्यें त्यांचें निधन झालें, तेव्हां ब्रुकलिन शहर शोकांत बुडालें. १८९१ मध्यें शिल्पकार वॉर्ड यांनीं घडविलेला त्यांचा पुतळा उभा राहिला. पायथ्याशीं एक कृष्णवर्णीय मुलगी झावळी अर्पण करीत आहे. गुलामगिरीविरुद्ध त्यांनीं केलेल्या कार्याची ती खूण योग्यच आहे. तें कार्य खरें होतें, आणि म्हणूनच लोकांना हें दुसरें मानणें अशक्य झालें; थोर कार्य करणाऱ्या मनुष्याविषयीं धर्मसंस्थेंत ही अडचण वारंवार येते.

इतिहासकारांनीं पुष्कळ काळ हें प्रकरण चविष्ट भानगड म्हणूनच सांगितलें. रिचर्ड वाइटमन फॉक्स यांनीं १९९९ च्या आपल्या ग्रंथांत संबंध घडला कीं नाहीं हा निवाडा करण्याचेंच नाकारलें, आणि तिघांच्या भाषेकडे लक्ष वेधलें. डेबी ॲपलगेट यांच्या २००६ च्या बीचर-चरित्राला पुढल्या वर्षीं पुलिट्‌झर पारितोषिक मिळालें. पण मूळ प्रश्न सरळ मांडला तो धर्मसंस्थेच्या आंतूनच, आणि तोहि बीचर यांच्याच परंपरेंतून. कॉंग्रिगेशनल मंडळ्यांचा मोठा भाग १९५७ मध्यें ‘युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’ या नव्या संघांत विलीन झाला. त्या संघाच्या दीक्षित धर्मोपदेशक मेरी फॉर्च्यून यांनीं १९८९ मध्यें ‘इज नथिंग सेक्रेड?’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका पाळकाविरुद्ध त्याच्या मंडळींतील सहा स्त्रियांनीं केलेली तक्रार, हा त्याचा विषय. त्यांचें प्रतिपादन असें: पाळकाचें नातें हें विश्वस्ताचें नातें आहे. एका बाजूला पद, ज्ञान आणि ईश्वराच्या नांवानें बोलण्याचा अधिकार; दुसऱ्या बाजूला दुःख. अशा ठिकाणीं ‘संमति’ हा शब्द वजन पेलत नाहीं. मर्यादा राखण्याची जबाबदारी पदावरच्या मनुष्याची, मग समोरच्या माणसाचें मन कोठेंहि वळलेलें असो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. सज्ञान, बुद्धिमान स्त्रीला असें दुबळें ठरविणें हाहि तिचा एक अपमान नव्हे काय? टिल्टनबाईंनीं १८७८ च्या पत्रांत आपल्या वांट्याचा दोष दुसऱ्यावर ढकलला नव्हता. त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीचा मान राखावयाचा तर हें मानलेंच पाहिजे. परंतु स्त्रीनें ईश्वरापुढें आपली जबाबदारी मान्य करणें निराळें, आणि तिच्या त्या मान्यतेच्या आड पदाची जबाबदारी लपविणें निराळें. बीचर यांच्या निवेदनांतील प्रत्येक शब्द खरा धरला, तरी त्यांच्याच कथनाप्रमाणें एका शोकग्रस्त स्त्रीचें मन पाळकाच्या भेटींनीं पतीपासून दूर गेलें, पाळकानें येणें थांबविलें नाहीं, आणि उघडकीस येतांच तिच्याकडून कागद घेतला. फॉर्च्यून यांच्या कसोटीला शय्येचा पुरावा लागत नाहीं, एवढें पुरतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा, टेक्सास अशा कांहींनीं पुढें कायदेहि केले: आध्यात्मिक सल्ल्यासाठीं आलेल्या व्यक्तीशीं धर्मोपदेशकानें या नात्यांतून शरीरसंबंध ठेवल्यास तो गुन्हा, आणि तिची संमति हा बचाव होऊं शकत नाहीं. १८७५ च्या न्यायालयांत दुखावलेला पक्ष पति होता. या कायद्यांत ती व्यक्ति स्वतः आहे, आणि तिला साक्ष देतां येते.

थिओडोर टिल्टन १८८३ मध्यें देश सोडून गेले आणि पॅरिसमध्यें १९०७ मध्यें वारले. टिल्टनबाई ब्रुकलिनमध्येंच राहिल्या. लहान मुलांना शिकवून त्यांनीं कांहीं काळ चरितार्थ चालविला. उतारवयांत दृष्टि गेली. १८९७ च्या एप्रिलमध्यें त्यांचा अंत झाला. ब्रुकलिनच्या ग्रीनवुड स्मशानभूमींत त्यांना पुरण्यांत आलें. बीचर यांची समाधीहि तेथेंच आहे.